पॉलिमर क्लेचे डूल घरी कसे करावेत: येवल्याच्या पैठणीचे रंग घेऊन

पॉलिमर क्लेमध्ये माती नसतेच. पीव्हीसीचे अत्यंत बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्य यांचे ते मिश्रण असते. त्यामुळे ती उघड्यावर कितीही ठेवली तरी शाडूप्रमाणे वाळून घट्ट होत नाही. ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला भाजल्यावरच हे कण एकमेकांत मिसळून टिकाऊ वस्तू तयार होते. नाशिकमध्ये मेन रोड किंवा कॉलेज रोडवरील दुकानात नुसती ‘क्ले’ मागितल्यास बहुधा हवेवर वाळणारी एअर ड्राय क्ले हाती दिली जाते. ती दागिन्यांसाठी ठिसूळ ठरते, म्हणून वेष्टनावर ओव्हनचे तापमान छापलेले आहे याची खात्री करूनच पाकीट घ्यावे. नवशिक्याचे सारे लक्ष रंग आणि आकाराकडे असते, परंतु डूल पुढची दिवाळी पाहणार की पहिल्याच लग्नात मोडणार, हे भाजण्यावर ठरते. त्यामुळे येथे भाजण्याविषयी अधिक विस्ताराने लिहिले आहे.

साहित्य फार लागत नाही. क्लेची पाकिटे साधारण ५७ ग्रॅमची असतात आणि मध्यम आकाराच्या एका जोडीला दहा-बारा ग्रॅम क्ले पुरते. गुळगुळीत लाटणे, धारदार पातळ पाते, गोल कटर, एक चकचकीत सिरॅमिक फरशी, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणि कानात घालायचे हुक एवढे जमवावे. स्वयंपाकघरातून घेतलेले लाटणे किंवा कटर पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. न भाजलेली क्ले पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवल्यास तिच्यातील प्लास्टिसायझर पॉलिश खराब करते, म्हणून सर्व काम फरशीवरच करावे.

क्ले थेट लाटायला घेऊ नये. लहान तुकडे करून ती हाताच्या उबेने मळावी आणि घडी घातल्यावर कडेला चिरा पडणे थांबेपर्यंत मळत राहावे. नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी क्ले इतकी कडक होते की मळताना तिचा भुगा होतो. अशा वेळी पाकीट काही वेळ अंगाशी धरून ठेवावे. स्टोव्हजवळ ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत याच्या उलट घडते आणि क्ले बोटांना चिकटू लागते. तेव्हा तिची पोळी दोन कोऱ्या कागदांमध्ये काही तास दाबून ठेवावी, म्हणजे जादा प्लास्टिसायझर कागदात उतरते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र क्ले कधीही ठेवू नये, कारण ती पाकिटातच अर्धवट पक्की होऊ शकते.

रंगांसाठी आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याच्या पैठणीइतका चांगला आधार दुसरा नाही, पण येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. धूपछाँव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. दोन्ही धागे वेगळेच राहत असल्यामुळे लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंगही तेथे झळाळतात. क्लेमध्ये मात्र रंगद्रव्ये खरोखर मिसळतात आणि लाल-हिरव्याच्या मधल्या पट्ट्यात मळकट तपकिरी रंग उतरतो. म्हणून एकमेकांत विरघळणाऱ्या छटांसाठी शेजारचे रंग निवडावेत, उदाहरणार्थ राणी आणि जांभळा, किंवा मोरपंखी आणि पोपटी. विरोधी रंग वापरायचेच असतील तर ते वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवावेत. रंग मिसळताना फिक्या रंगात गडद रंग चिमूटभर घालत जावे. उलट केल्यास फिका रंग पाकीटभर ओतूनही छटा उजळत नाही. पांढऱ्या आणि पिवळ्या क्लेचे काम नेहमी आधी उरकावे, कारण लाल क्लेचा अंश बोटांवर राहून गेला की पांढऱ्यावर तो लगेच दिसतो.

छटा उतरवण्याची सर्वमान्य पद्धत अमेरिकी कलाकार जुडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखली जाते. दोन रंगांच्या सारख्या जाडीच्या पोळ्या करून प्रत्येकीतून एक काटकोन त्रिकोण कापावा आणि दोन्ही त्रिकोण तिरक्या बाजूने जोडून एक आयत करावा. एक रंग डावीकडे व दुसरा उजवीकडे येईल असा तो धरून खालची कड वरच्या कडेवर दुमडावी आणि घडीच्या बाजूकडून लाटावे. पुन्हा त्याच दिशेने दुमडावे, पुन्हा लाटावे. सुमारे वीस-पंचवीस वेळा असे केल्यावर मधली रेघ पूर्ण नाहीशी होते. दुमडण्याची दिशा एकदा जरी बदलली तरी छटा मोडून सगळा एकच रंग होतो. पास्ता मशीन असल्यास काम झटपट होते, परंतु एका जोडीसाठी लाटणे पुरेसे आहे.

तयार पोळी साधारण ३ मिलिमीटर जाड ठेवून गोल कापावेत. सोनेरी क्लेची अगदी पातळ पोळी लाटून तिचे छोटे त्रिकोण खालच्या कडेने बसवले की नारळी काठाचा भास होतो. हुक अडकवण्याचे छिद्र भाजण्यापूर्वीच, कडेपासून किमान ३ मिलिमीटर आत पाडावे.

आता भाजणे. तापमान ब्रँडप्रमाणे बदलते: फिमोसाठी ११० अंश सेल्सिअस, तर स्कल्पी प्रीमोसाठी १३० अंश, आणि वेळ साधारण अर्धा तास. घरगुती ओटीजीचे बटण १३० वर असले तरी आत तेवढेच तापमान असते असे मुळीच नाही. सळया तापतात तेव्हा ते वर उसळते आणि नंतर खाली येते, म्हणून थर्मामीटरवरचा खर्च टाळू नये. रिकामा ओव्हन पंधरा मिनिटे आधी तापवावा, डूल फरशीसकट मधल्या जाळीवर ठेवावेत आणि वर ॲल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू करावा. अन्यथा वरच्या सळईची थेट आच लागून पांढरा व फिका रंग पिवळसर पडतो. मायक्रोवेव्ह लहरींवर क्ले भाजू नये. तापमान १७५ अंशांच्या आसपास गेल्यास क्ले जळून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटू शकतो. तसे झालेच तर ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे. त्याच ओव्हनमध्ये एरवी नानकटाई होत असेल, तर क्ले झाकलेल्या भांड्यात भाजावी आणि नंतर ओव्हन आतून पुसून घ्यावा.

वेळ वाचवण्यासाठी लवकर बाहेर काढण्याचा मोह होतो, पण कमी भाजलेली क्ले वरून अगदी पक्की वाटते आणि वाकवल्यावर बिस्किटासारखी तुटते. यासाठी प्रत्येक खेपेला २ मिलिमीटर जाडीची एक पट्टी सोबत भाजावी. पूर्ण थंड झाल्यावर ती वाकली आणि तुटली नाही, तर भाजणे पुरेसे झाले. तुटली, तर डूल पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावेत. दोनदा भाजल्याने काहीही बिघडत नाही. गरम असताना मात्र क्ले नरम असते, त्यामुळे ती ओव्हनमधून काढताच चाचणी घेऊ नये.

कडा घासण्यासाठी पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्यावा आणि ४०० क्रमांकापासून ६००, ८००, १००० असा चढत जावा. पाण्याखाली घासल्यास धूळ उडत नाही. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडाने चोळल्यावर येणारी मंद चमक मला वॉर्निशपेक्षा अधिक आवडते. वॉर्निश लावायचेच असेल तर वॉटर-बेस्ड (पाण्यावर आधारित) लावावे. नेलपॉलिशमुळे पृष्ठभाग कालांतराने चिकट होतो.

हुक जोडणारी कडी दोन पक्कडींनी पुढे-मागे फिरवून उघडावी. बाजूला ताणल्यास तिचा गोल आकार परत येत नाही. स्वस्त हुकांमधील निकेलमुळे अनेकांच्या कानाला खाज सुटते, म्हणून स्टेनलेस स्टीलचे हुक मागावेत. उरलेली क्ले क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून ठेवावी, आणि मिसळून मळकट झालेले तुकडे मोठ्या मण्यांच्या आत भरायला वापरावेत.