जुन्या गाडीचं ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी या चुका टाळा

गाडी लाख-दीड लाख किलोमीटर चालली की पार्किंगमध्ये काळे डाग पडायला लागतात, त्यात घाबरण्यासारखं फारसं काही नसतं, पण गळती नक्की कुठून आहे हे न बघताच लोक गाडी खोलायला सांगतात आणि मग सील बदललं, क्लच बदलला, बिल झालं, आणि डाग आहे तिथेच.

ऑइल खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे जिथे थेंब लोंबतोय तिथेच गळती असेल असं अजिबात नाही. कौलातून पाणी कॉटवर पडतं म्हणून भोक कॉटच्या बरोब्बर वर नसतं, तसंच हे.

जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घ्या. तिचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटून देणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो, त्याची ओ रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, कडक झाली की ऑइल हेडवरून हळूहळू उतरत क्लच हाऊसिंगवर (क्लचवरच्या कव्हरवर) येतं, खालून बघणारा म्हणतो मागचं क्रँक सील (क्रँक इंजिनमधून गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं सील) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवतात पण! आणि खरं काम असतं किरकोळ पैशांच्या एका ओ रिंगचं. म्हणून माझं म्हणणं एकच, शोध वरून खाली घ्यायचा. आधी टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण), डिस्ट्रिब्युटर असेल तर तो, मग ऑइल प्रेशर स्विच आणि फिल्टर, मग टायमिंगची बाजू, चेंबर (खालची ऑइलची टाकी), आणि सगळ्यात शेवटी मागचं सील.

आता काळ्या चिखलात शोधणार काय? इंजिन आधी धुवा, पण थंड असताना, गरम इंजिनवर रॉकेल-पेट्रोल मारून आग लावून घेऊ नका. अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी बांधा, डिग्रीझर आणि ब्रशने घासा, नीट सुकू द्या आणि संशय असलेल्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा (बेल्टवर नको), मग दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारून या. जिथून ऑइल निघतंय तिथे पावडरीत ओली रेघ दिसते. पावसाळ्यात हे करायला वैताग येतो, सगळंच ओलं असतं, पण गणपतीला कोकणात निघायच्या आदल्या दिवशीच सगळ्यांना ऑइल आठवतं त्याला कोण काय करणार.

आणि हो, ते ऑइलच आहे ना ते बघा. एसीचं पाणी, हिरवा-गुलाबी कूलंट, बऱ्याच गाड्यांत लाल असणारं पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, गंधकासारखा उग्र वास येणारं गिअर ऑइल, हे सगळं खालीच पडतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला तर सकाळी रंग कळतो.

सिलिकॉनवर तर आपल्याकडे भयंकर प्रेम. टॅपेट कव्हर गळतंय? बाहेरून ट्यूब फासा. तेलकट पत्र्यावर ते धरतच नाही. आतून जाड थर दिला तर अजून वाईट, कारण जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं, चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकलं की ऑइल मिळत नाही, मग गळतीचं काम राहिलं बाजूला, इंजिनच जातं. रबरी पॅकिंग बहुतेक वेळा कोरडंच बसवायचं असतं, सिलिकॉन फक्त कोपऱ्यात किंवा दोन भाग जुळतात तिथे ठिपक्याएवढं, तेही कंपनीने सांगितलं असेल तरच. पॅकिंग नवीनच घाला.

बोल्ट आवळून गळती थांबवायचा प्रयत्नही तसाच. टॅपेट कव्हरचे ते छोटे दहाच्या पान्याचे बोल्ट फार थोड्या टॉर्कला बसतात, लांब हँडल लावून जोर केला की पत्रा वाकतो किंवा हेडमधले आटे जातात. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचं पण तेच, तिथे जोर नको, वॉशर नवीन हवा. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय का ते हात फिरवून बघा, दोन रबरं एकावर एक बसली तर स्टार्ट केल्यावर ऑइल अक्षरशः ओतलं जातं.

आता जे कोणी बघत नाही ते, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप. इंजिनच्या आतला गॅस बाहेर जायची वाट चोंदली की आत प्रेशर वाढतं आणि जो सील सगळ्यात कमजोर तिथून ऑइल ढकललं जातं. तुम्ही सील बदलता, महिन्याभरात दुसरीकडून गळतं, तुम्ही म्हणता पार्ट डुप्लिकेट होता. आधी ब्रीदर साफ करा. तो साफ असूनही इंजिन चालू असताना ऑइलच्या झाकणातून धुराचे भपके येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग नुसत्या सीलने भागणार नाही.

जाड ऑइलचा सल्ला तर हमखास मिळतो, २०डब्ल्यू५० टाक म्हणे. ज्या इंजिनला पातळ ग्रेड सांगितलंय तिथे सकाळच्या स्टार्टला ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि फाटलेलं पॅकिंग काही त्याने शिवलं जात नाही. लीक थांबवायची बाटलीसुद्धा कडक झालेलं रबर थोडं मऊ करते, बारीक झिरप्याला थोडे दिवस चालेल, बस.

टायमिंग बेल्टच्या बाजूचं क्रँक किंवा कॅम सील गळत असेल तर टाळू नका, ऑइल लागून बेल्ट खराब होतो. ते सील बेल्टबरोबरच बदलून घ्या, मजुरी एकदाच. मागचं क्रँक सील खरंच गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तेव्हा क्लचप्लेट बघून घ्या.

नुसता झिरपा असेल, थेंब पडत नसेल, तर खुशाल चालवा, फक्त पाचशे-हजार किलोमीटरला डिपस्टिक बघा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही, तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपांवर) ऑइल पडून जळका वास येत असेल तर थांबू नका, ते आगीचं काम आहे.

आणि रिपेअर झाल्यावर दोन-तीन दिवस थेंब दिसले तर लगेच मेकॅनिकशी भांडायला जाऊ नका, क्रॉसमेंबरवर (इंजिनखालच्या आडव्या पट्टीवर) साठलेलं जुनं ऑइलही निथळत असतं. पुसून घ्या, दोनेकशे किलोमीटर चालवा, मग परत टॉर्च मारून बघा.