पहिली फाइल सिस्टिम मेमरीत बांधा

लिनक्स किंवा बीएसडीचं अ‍ॅडमिनचं काम शिकायला येणाऱ्यांना मी लगेच डिस्कच्या पार्टिशनकडे नेत नाही. पहिली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली साठवण्याची रचना, रॅममध्ये बांधायला लावतो. डिस्कला हात लागत नाही, बिघडलं तर अनमाउंट केलं की सगळं पुसलं जातं, आणि माउंट (फाइल सिस्टिम डिरेक्टरीला जोडणं), परवानग्या, जागा संपणं हे सगळं खरंखुरं समोर घडतं.

लिनक्सवर टीएमपीएफएस (tmpfs) या रॅममध्ये राहणाऱ्या फाइल सिस्टिमपासून सुरुवात करा. एक रिकामी डिरेक्टरी घ्या, तिच्यावर टीएमपीएफएस माउंट करा आणि साइज ६४ एमबी द्या. साइज दिली नाही तर कर्नल एकूण रॅमच्या निम्मी मर्यादा धरतो. ही नुसती मर्यादा असते. फाइल लिहिल्याशिवाय मेमरी खर्ची पडत नाही. मग डीडी (dd) या कॉपी करणाऱ्या कमांडने शून्यांची फाइल लिहीत राहा, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येईपर्यंत. आता १२८ एमबी देऊन रीमाउंट करा. फाइल जशीच्या तशी राहते आणि जागा वाढते.

यानंतरचा प्रयोग माझ्या मते सगळ्यात मोलाचा. नव्याने माउंट करताना आयनोडची (प्रत्येक फाइलमागे लागणारी माहितीची नोंद) मर्यादा १०० ठेवा आणि टच (touch) कमांडने रिकाम्या फाइली बनवत जा. शंभरी गाठण्याआधीच तोच निरोप येतो, पण जागेचा हिशोब देणारी डीएफ (df) कमांड भरपूर जागा मोकळी दाखवते. डीएफला आय हा पर्याय दिला की उलगडा होतो: आयनोड संपलेत. बारीकसारीक लाखो फाइली साठवणाऱ्या सर्व्हरवर खऱ्या डिस्कचंही असंच होतं. तो प्रसंग आधी इथे पाहिलेला असला, की रात्री अलार्म वाजल्यावर नुसत्या मोठ्या फाइली शोधण्यात वेळ जात नाही.

फाइल लिहिण्याआधी आणि नंतर मेमरीचा हिशोब देणारी फ्री (free) कमांड चालवायला विसरू नका. ‘शेअर्ड’चा आकडा वाढतो, टॉप (top) कमांडच्या प्रोसेस-यादीत मात्र ती मेमरी कोणत्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही. मेमरी संपतेय आणि खाणारी प्रोसेस सापडत नाही, अशा वेळी टीएमपीएफएसचे माउंट तपासायचे. हे मला नोकरीत फार कामी आलं. मेमरीची ओढाताण झाली तर ही पानं (मेमरीचे तुकडे) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, जाऊ शकतात. पण स्वॅपही भरला, तर प्रोसेस मारून या फाइलींची मेमरी सुटत नाही. म्हणून सगळ्या माउंटच्या मर्यादांची बेरीज करून बघा.

रॅमएफएस नावाचा जुना भाऊबंद आहे. त्याला आकाराची मर्यादा नाही आणि तो स्वॅपमध्येही जात नाही. तो फक्त व्हर्च्युअल मशीनमध्येच वापरून पाहा.

मग फ्रीबीएसडीकडे या. तिथे एमडीकॉन्फिग (mdconfig) कमांडने मेमरी-डिस्क तयार करायची, न्यूएफएसने (newfs) तिच्यावर यूएफएस ही फाइल सिस्टिम बांधायची आणि शेवटी माउंट करायचं. लिनक्सवर एका फटक्यात झालेलं काम इथे तीन टप्प्यांत दिसतं: डिव्हाइस वेगळं, फाइल सिस्टिम वेगळी, माउंटची जागा वेगळी. हे वेगळेपण डोक्यात बसलं की पुढे एलव्हीएम (LVM) किंवा रेड (RAID) या अनेक डिस्क एकत्र वापरायच्या पद्धती शिकणं हलकं जातं, म्हणून घाई असली तरी हा टप्पा गाळू नका. तिन्ही कामं एकदम करणारी एमडीएमएफएस कमांड आहे, पण ती नंतर वापरा. डिस्कचा प्रकार ‘स्वॅप’ निवडा. ‘मॅलॉक’ प्रकारात मेमरी अपुरी पडली तर कर्नल पॅनिक होऊ शकतो, म्हणजे सगळी सिस्टिमच बंद पडते. काम झालं की आधी अनमाउंट करा आणि मग एमडीकॉन्फिगनेच डिस्क काढा, नाहीतर तिने धरलेली मेमरी अडकून राहते.

फ्रीबीएसडीतही टीएमपीएफएस आहे, ७.० आवृत्तीपासून. ती मुळात नेटबीएसडीसाठी हुलिओ मेरिनो यांनी २००५ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमात लिहिली. रोहित जालान आणि इतरांनी ती फ्रीबीएसडीत आणली. तुमच्यापैकी ज्यांना सी भाषा येते त्यांनी तो कोड उघडून वाचावा. खाली डिस्क नसल्यामुळे फाइल सिस्टिमचा गाभा त्यात स्वच्छ दिसतो.

हात बसला की मगच /टीएमपी (/tmp, तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी) मेमरीत न्या. फेडोराने १८ व्या आवृत्तीपासून आणि डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून मूळ मांडणीतच तसं केलंय, त्यामुळे तुमच्या मशीनवर ते आधीच असू शकतं. एफएसटॅब (fstab), म्हणजे माउंटची यादी असलेल्या फाइलच्या ओळीत मोड १७७७ हवा, म्हणजे सगळ्यांना लिहिता येतं पण एकाची फाइल दुसरा पुसू शकत नाही. नोसूड (nosuid, सेटयूआयडीचे जादा अधिकार चालत नाहीत) आणि नोडेव्ह (nodev, डिव्हाइस-फाइली चालत नाहीत) हे पर्याय बिनधास्त लावा. नोएक्झेक (noexec, तिथून प्रोग्रॅम चालवू न देणारा) मात्र जपून, कारण काही इन्स्टॉलर /टीएमपीमध्ये स्क्रिप्ट टाकून तिथूनच चालवतात. रीबूटनंतरही टिकायला हवं ते /व्हार/टीएमपीमध्ये (/var/tmp) ठेवा, आणि एफएसटॅबची नवी ओळ रीबूटआधी माउंटला ए पर्याय देऊन तपासून घ्या.