गड्ड्याच्या वेळची इमेज घ्या! (लँड यूज मॅपिंग नव्यानं करणाऱ्यांसाठी)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी उत्तर सोलापूर तालुक्याचं लँड यूज लँड कव्हर (जमिनीवर काय आहे आणि ती कशासाठी वापरतात त्याचा नकाशा) घेतलं, एकतर घर इथंच आणि दुसरं म्हणजे वाटलं सोपंय, सेंटिनेल २ या सॅटेलाइटची इमेज फुकट मिळते, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, रंग द्यायचे, टक्केवारी काढायची, संपलं. पहिला नकाशा आला तर निम्मा तालुका लाल, म्हणजे बिल्टअप, बांधकाम. माझ्या हिशोबानं सोलापूरनं पुण्याला मागं टाकलेलं.

झालेलं असं की ढग नकोत म्हणून मी एप्रिलची इमेज उचलली होती. एप्रिलात आपल्याकडं ज्वारी निघून गेलेली, रान उघडं, कुठं नांगरटही झालेली. आणि सुकलेली उघडी जमीन काय किंवा बांधकाम काय, दोन्ही शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये निअर इन्फ्रारेडपेक्षा जास्त चमकतात, बांधकाम ओळखायचा एनडीबीआय हा इंडेक्स नेमका त्याच फरकावर चालतो, मग त्या बिचाऱ्याला घर कुठलं आणि ढेकळं कुठली कसं कळणार? मार्डीकडं प्रिंट घेऊन गेलो तर एक काका म्हणाले, "ओ, हितं कुठलं घर ओ, माझं रान हाय की हे."

त्यामुळं अल्गोरिदमच्या आधी तारखा ठरवा. पिक्सेलची वर्गवारी करायला रँडम फॉरेस्ट अल्गोरिदम का एसव्हीएम यावर आम्ही पोरं तासन्‌तास भांडायचो, प्रत्यक्षात फरक पडला तो तीन तारखा एकत्र लावल्यावर. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर, मग जानेवारी, मग एप्रिल. जानेवारीची म्हणजे सरळ गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, आसपासची घ्या, तेव्हा हुरड्याचे दिवस असतात, ज्वारी उभी असते. पावसाळ्यात ढगांमुळं चांगली इमेज नाही मिळाली तर सेंटिनेल १ चा रडार डेटा आहे, ढगातूनही दिसतं, पण सुरुवातीलाच त्याच्या नादी लागू नका.

तीन तारखांचा खरा उपयोग कळला तो नान्नजला. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं, गवताळ माळरान. एका इमेजमध्ये बघितलं तर वाळलेला माळ आणि पीक काढलेलं रान जवळपास सारखंच दिसतं, आणि आपल्याकडं माळ म्हटलं की लोक डोळे झाकून पडीकमध्ये टाकतात (याचा मला अजूनही राग येतो, माळढोकाला नेमकं तेच "पडीक" लागतं). पण वर्षभराचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा इंडेक्स, काढा. पाऊस पडला की माळ हिरवा होतो तेव्हा रब्बीचं रान उघडं असतं, आणि जानेवारीत ज्वारी हिरवी तेव्हा माळ पिवळा पडलेला. एकदम उलटं! हे मला कुठल्या पुस्तकात नाही सापडलं, एसटीच्या खिडकीतून सापडलं.

ऊस वेगळाच त्रास देतो, एप्रिलातही हिरवागार, त्यामुळं झाडी म्हणून मोजला जातो. पाण्याचंही तसंच, हिप्परग्याचा तलाव ऑक्टोबरात केवढा आणि मे मध्ये केवढा बघा. उजनीवर काम करणाऱ्या मैत्रिणीला तर पाणी ओसरलेल्या जागेत गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी) लागलेली सापडली, म्हणजे एकच पिक्सेल आधी जलाशय, नंतर शेत. असल्या जागेचं काय करायचं ते क्लास, म्हणजे नकाशातले प्रकार, ठरवतानाच लिहून ठेवा. आणि कव्हर आणि यूज यात गल्लत नको, जुळे सोलापुरातल्या एखाद्या मोकळ्या एनए प्लॉटवर गवत असेल तर कव्हर गवत, पण यूज शेती नाही. सॅटेलाइटला सातबारा दिसत नाही.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. अ‍ॅक्युरसी आली ९६ टक्के, मी पेढे वाटायचे बाकी होते. गाइडनी विचारलं, टेस्टिंगचे पॉइंट कुठले? मी शेतांवर पॉलिगॉन काढलेले आणि त्यातलेच पिक्सेल ट्रेनिंग आणि टेस्टिंगला ७०-३० वाटलेले, म्हणजे एकाच शेतातला एक पिक्सेल शिकायला आणि शेजारचा परीक्षेला, पेपर फुटलेलाच की! मग वेगळे रँडम पॉइंट टाकले, काही गाडीवर फिरून तपासले, काही गूगल अर्थच्या जुन्या इमेजवर, आणि आकडा ८१ वर आला. एकूण आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक क्लासची यूजर्स आणि प्रोड्युसर्स अ‍ॅक्युरसी बघा, नकाशात ज्याला माळ म्हटलं त्यातला किती खरंच माळ ती यूजर्स, खऱ्या माळातला किती नकाशात माळ म्हणून आला ती प्रोड्युसर्स. माझं पाणी मस्त होतं आणि माळरान काठावर पास.

लॅपटॉप साधा असेल तर गूगल अर्थ इंजिन वापरा, सगळं काम गूगलच्या सर्व्हरवर होतं, शिक्षणासाठी फुकट आहे. मोजमापाआधी प्रोजेक्शन यूटीएम ४३ उत्तर (आपल्या भागाचं, मीटरमध्ये मोजणारं) करून घ्या, डिग्रीत क्षेत्रफळ काढून बसलेले महाभाग मी बघितलेत.

शेवटचा नकाशा घेऊन परत मार्डीला गेलो. काकांनी रान ओळखलं, खूश झाले, मग बराच वेळ बोट फिरवत विचारतात, "आन हीर कुठंय माझी?" विहीर आठ मीटरची, माझा पिक्सेल दहाचा. काय सांगणार, चहा घेतला आणि आलो.