जीएनएमला नवीन आलात? शब्दांची सुरुवात बघायला शिका

बारावीपर्यंत मराठी मीडियम आणि मग एकदम जीएनएम (नर्सिंगचा कोर्स), म्हणजे ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की झोप तरी येते नाहीतर रडू तरी. सीनियर म्हणतात पाठ कर. अहो पण किती पाठ करणार, एकेक चॅप्टरला शंभर नवीन शब्द. मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते, पटलं तर करा.

एक जाड वही घ्या आणि त्यात शब्दाच्या सुरुवातीप्रमाणे पानं पाडा. टॅकीचं एक पान, ब्रॅडीचं एक, हायपर, हायपो, पेरी, डिस असं. वॉर्डात केसपेपरवर जो शब्द दिसेल तो त्याच्या पानावर लिहायचा आणि शेजारी पेशंटला नेमकं काय होत होतं ते सरळ मराठीत (पेशंटचं नाव लिहायचं नाही हं). टॅकी म्हणजे वेगात हे एकदा डोक्यात बसलं की टॅकीकार्डिया म्हणजे मोठ्या माणसाची पल्स १०० च्या वर आणि टॅकीप्निया म्हणजे श्वास भराभर, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. ब्रॅडी त्याच्या उलट, पल्स ६० च्या खाली.

आणि यातले बरेच उपसर्ग आपण शाळेत मराठी व्याकरणात शिकलोयच, फक्त कोणी सांगत नाही. ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा, त्यामुळे पेरी म्हणजे आपला परि. गणितात पेरीमीटरला परिमिती म्हणायचो ना, तोच पेरी पेरीकार्डियममध्ये, हृदयाच्या भोवतीचं आवरण. डिस म्हणजे दुर्गंध, दुष्काळ यातला दुर् किंवा दुस्, म्हणून डिस्युरिया लघवी करताना त्रास आणि डिस्प्निया श्वास घ्यायला त्रास. सगळ्यात भारी म्हणजे नकाराचा अ. आपल्याकडे व्यंजनापुढे अ येतो आणि स्वरापुढे अन्, जसं अशक्त पण अनपेक्षित, आणि ग्रीकमध्येही तस्सच, ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं पण ॲन्युरिया म्हणजे लघवी जवळजवळ बंद. हे कळलं त्या दिवसापासून मला इंग्रजीची भीती निम्मी झाली, मराठी मीडियमवाल्यांना उलट फायदाच आहे यात.

हायपर आणि हायपोचंही तेच, उपरि आणि उप, वर आणि खाली. पण इथे सांभाळून. लिहिताना फरक दिसतो, फोनवर किंवा घाईत ऐकताना शेवटचं अक्षर गिळलं जातं आणि दोन्ही सारखेच वाटतात. हायपोग्लायसेमिया म्हणजे शुगर ७० च्या खाली, पेशंटला दरदरून घाम, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं, त्याला तातडीने साखर किंवा ग्लुकोज हवं असतं. हायपर समजून कोणी इन्सुलिन दिलं तर जीवावर बेतेल. म्हणून हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला माहिती) देताना नुसतं हायपो म्हणू नका, शुगर लो आहे, रीडिंग इतकं इतकं असं सांगा.

दुसरं म्हणजे नोट्स मराठीत काढा पण तो मूळ शब्द मात्र इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहा. देवनागरीत अँटीनेटल आणि अँटीबायोटिक दोन्ही अँटीच दिसतात. पहिल्यात टी नंतर ई आहे, म्हणजे आधी, जन्माच्या आधीची तपासणी, ज्याला आपण एएनसी म्हणतो. दुसऱ्यात आय आहे, म्हणजे विरुद्ध. इलियमचं तर विचारूच नका, मधे ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड, उच्चार एकच! आणि कधी कधी पहिली दोन अक्षरं सारखी असूनही अर्थाचा काही संबंध नसतो. पी-वाय घ्या, पाययुरिया म्हणजे लघवीत पू, पायरेक्सिया म्हणजे ताप, पायलोनेफ्रायटिसमध्ये किडनीतल्या पोकळीचा संबंध. त्यामुळे दोन अक्षरांवर अंदाज मारू नका, पूर्ण तुकडा वाचा.

आता औषधं. इथे ही वही बाजूला ठेवा, कारण औषधांच्या नावाची सुरुवात बहुतेक वेळा फसवते. मेटफॉर्मिन शुगरची, मेटोप्रोलॉल बीपी आणि हार्टची, मेट्रोनिडाझोल इन्फेक्शनची, आणि मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातून एकदाच द्यायची, रोज दिली गेल्याने माणसं दगावलीत. सगळ्यांची सुरुवात मेटच्या आसपास. औषधात शेपूट बघायचं, शेवटी ओलॉल दिसलं की बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल), प्रिल दिसलं की एनालाप्रिल, रॅमिप्रिलची जात, म्हणजे बीपीची औषधं. सेफ हा अपवाद, सेफिक्झिम, सेफट्रायक्झोन ही अँटीबायोटिक, तिथे सुरुवातच ओळख सांगते, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या पेशंटला सेफ लिहिलेलं दिसलं तर देण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

काही हॉस्पिटलात सारख्या दिसणाऱ्या नावांचा वेगळा भाग मोठ्या अक्षरात छापतात, हायड्रॅलाझिन बीपीची आणि हायड्रॉक्सिझिन खाजेची, अशा जोड्यांसाठी. तुमच्या वॉर्डात तसं नसेल तर ट्रॉलीवर अशा जोड्या शेजारी ठेवू नका, आणि फोनवर ऑर्डर घेताना नाव परत म्हणून दाखवा, स्पेलिंगसकट, डॉक्टर वैतागले तरी.