शेणखत टाकूनही पीक पिवळं पडतंय? या चुका टाळा

शेणखत टाकलं की काम झालं असं बरेच जण धरून चालतात आणि पीक पिवळं पडलं की खतालाच नावं ठेवतात. खत वाईट नसतं हो, बहुतेक वेळा ते कच्चं असतं. कच्च्या खतात काडी-भुसा जास्त असेल तर तो कुजवायला जमिनीतले जिवाणू तिथलाच नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात आणि पिकाला काही उरत नाही, वर तणाचं बी आणि मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या शेतात येतात ते वेगळंच.

कुजलंय का हे बघायचं असेल तर मूठभर हातात घ्या. काळपट, भुसभुशीत, मातीसारखा वास, यातलं शेण कुठलं काडी कुठली हे कळत नाही, म्हणजे तयार. ढिगात हात घातल्यावर गरम लागलं किंवा वास नाकाला झोंबला तर थांबा. ढीग मधे 55 ते 60 अंशांपर्यंत तापला की तणाचं बी आणि रोगजंतू बऱ्यापैकी मरतात, पण कडा थंडच राहतात म्हणून पलटी मारताना कडेचं आत घ्यायचं. ढीग तापतच नसेल तर ओलावा बघा, मूठ दाबल्यावर बोटं ओली व्हावीत पण पाणी टपकायला नको.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो खत पसरून चार दिवस उन्हात तसंच ठेवलेलं बघून! नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो, एवढी मेहनत वाया. पसरलं की त्याच दिवशी मातीत मिसळा. उघडा ढीग पावसात भिजतो तेव्हा खालून वाहणारं काळं पाणी म्हणजे नत्र आणि पालाश (पोटॅश)च, त्यामुळे वर ताडपत्री टाकाच.

कोंबडीखत शेणखताच्या मापाने टाकू नका. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, कोंबडीखतात 3 टक्क्यांच्या आसपास, ताजं बुडाशी पडलं तर मुळं जळतात. कच्च्या खायच्या भाज्यांना तर ताजं खत नकोच.

आणि पहिल्या वर्षी शेणखतातला थोडाच नत्र पिकाला मिळतो, बाकीचा पुढे हळूहळू सुटतो. म्हणून नत्राचा सगळा हिशोब दरवर्षी खतावरच बसवला तर खत जास्त पडतं आणि त्यातलं गरजेपेक्षा जास्तीचं स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत साठत जातं, त्यासाठी अधूनमधून माती परीक्षण करून मगच मात्रा ठरवा.