पडीक वाडीत रान वाढवायचंय? आधी नर्सरीत पळू नका

वसई-विरारकडे बिल्डिंगांच्या मधे अजून नारळ, चिकू, आंब्याच्या पडीक वाड्या दिसतात, तशी एखादी तुमच्या ताब्यात असेल तर एक पावसाळा नुसतं बघा. जुनी झाडं म्हातारी झाली तरी तोडायची नाहीत हं, कारण बुलबुल, तांबट, कोकीळ त्यांच्यावर येऊन बसतात, खाली शिटतात आणि बरोबर तिथेच उंबर, भोकर वगैरे फुकटात उगवतं. रोप दिसलं की शेजारी काठी रोवा, नाहीतर गवत कापणारा सरसकट उडवतो (माझं दोनदा झालंय).

खरी डोकेदुखी सुबाभूळ, हे बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झाड. नुसती कापली तर बुंध्यातून परत फुटते, म्हणून छोटी रोपं जुलैत माती ओली असताना मुळासकट उपटा, मोठ्यांच्या शेंगा पिकायच्या आत काढा, आणि बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं त्यामुळे हे दरवर्षी करावंच लागतं. घाणेरी (टणटणी, ते काटेरी परदेशी झुडूप) मात्र एकदम साफ करू नका, तिच्या जाळीत देशी रोपं गुरांपासून वाचतात, रोपाभोवतीचीच छाटा.

पाऊस संपून गवत वाळलं की कुंपणालगतचा पट्टा मोकळा करा, बाहेर कोणीतरी कचरा पेटवतंच. आतला पाचोळा तसाच राहू द्या.