कबड्डीत हरल्यावर चढाई कुठे अडली ते शोधा

हरल्यावर लगेच पोरांना पळवू नका, आधी वही काढा. प्रत्येक चढाईपुढे लिहा: कोण गेला, समोर किती गडी होते, पकड कुठे झाली. यवतमाळ-वाशीमकडच्या कॉलेज संघांत बहुधा एकाच गड्यावर सारी भिस्त असते, अन् तोही एकाच बाजूने शिरतो. समोरच्या कोपऱ्यात उभा गडी चाल ओळखून घोटा धरतो. चढाई करणाऱ्याचं वजन पुढच्या पायावर असलं की तो सुटत नाही. वजन मागच्या पायावर ठेवूनच पाय टाकायला शिकवा.

सरावाच्या मैदानातल्या काळ्या मातीच्या भेगा मुरमाने बुजवा, पाणी मारा. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती), पुढे 1 मीटरवर बोनसरेषा आखा. समोर 6 किंवा 7 गडी असतानाच बोनस, म्हणजे ही रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळतो; फक्त तेव्हा, रेषेपलीकडे पाय टाकताना, मागचा पाय हवेत हवा. तो टेकलेला राहणं, हीच चूक सर्वांत महाग पडते. अन् चढाई एकाच बाजूने होऊ नये म्हणून सरावात रोज डावखुरा गडी आधी पाठवा.